बझारगेटच्या जुन्या इमारतीत हॉटेल काढायचं तर

तुम्ही लिहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईच्या फोर्टात बझारगेटच्या बाजूला तुमच्या कुटुंबाची तळमजला अधिक चार मजल्यांची जुनी इमारत आहे. मजल्यामागे साधारण ३,००० चौरस फूट. तळमजल्यावर पागडीची (जुन्या, नाममात्र भाड्याच्या हक्काची) दुकानं, वरचे मजले हळूहळू रिकामे झाले. आर्किटेक्टने चाळीस खोल्या, पहिल्या मजल्यावर बँक्वेट हॉल आणि गच्चीवर रेस्टॉरंट असा आराखडा काढून दिला आहे. आता मेट्रोही आली, तर हे चालेल का आणि बँकेत कधी जावं?

खोल्या चालतील. हा आराखडा चालणार नाही. पहिला मजला हॉलला दिला की उरलेल्या तीन मजल्यांवर चाळीस खोल्या बसवायच्या, म्हणजे जिने, लिफ्ट, पॅसेज, भिंती सगळं धरून खोलीमागे सव्वादोनशे चौरस फूट. कागदावर बसतात. जागेवर बसत नाहीत. हॉल काढून टाकून चारही मजले खोल्यांना दिले तरी माझा अंदाज सत्तावीसच्या आसपास थांबतो. तो कसा, ते पुढे सांगतो. आधी पाहुणा कोण, ते बघू.

फोर्ट हा मुळात उतरणाऱ्यांचाच भाग. बंदर इथे, रेल्वेचं शेवटचं स्टेशन इथे, कोर्ट इथे. काळा घोड्याचं वॉटसन हॉटेल १८६० च्या दशकात इंग्लंडहून ओतीव लोखंडाचा सांगाडा आणून उभं केलं. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची चित्रपट्टी मुंबईने तिथे पाहिली. ताज १९०३ मध्ये उघडलं. आपल्या माणसांसाठी क्रॉफर्ड मार्केटपाशी सरदारगृह होतं, लोकमान्य मुंबईत आले की तिथे उतरत आणि १ ऑगस्ट १९२० ला गेले तेही तिथेच. गिरगावात माधवाश्रम. म्हणजे गावाहून आलेल्या वकील-व्यापाऱ्याला कोर्ट-बाजाराजवळ स्वच्छ खोली लागते, ही गरज शंभर वर्षं जुनी आहे.

पण ती तशीच राहिलेली नाही. नरिमन पॉइंटला १९७३ मध्ये ओबेरॉय टॉवर्स आलं तेव्हा कंपन्यांची मुख्यालयं इथे होती. नव्वदीपासून बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, भरत गेलं. राष्ट्रीय शेअर बाजार तिकडे गेला, पुढे हिरे बाजार गेला, मोठ्या बँका गेल्या. कंपनीच्या खर्चाने सोमवार ते गुरुवार राहणारा, दराची घासाघीस न करणारा पाहुणा आज बीकेसी आणि विमानतळाजवळ उतरतो. फोर्टकडे उरला तो मंत्रालयात काम असलेला माणूस, हायकोर्टाचा पक्षकार, मंगलदास मार्केट नि लोहार चाळीत माल घ्यायला आलेला व्यापारी, बॉम्बे हॉस्पिटलला रुग्ण घेऊन आलेलं कुटुंब, आणि ऑक्टोबर ते मार्च पर्यटक. यातही एक बदल ताजा आहे आणि तो कोणाच्याच प्रकल्प अहवालात मला अजून दिसत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं कोल्हापूर सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचा पक्षकार रात्रीच्या गाडीने मुंबईला येऊन फोर्टात एक दिवस खोली घ्यायचा, तो आता मोठ्या प्रमाणावर तिकडेच जाणार. शेजारचा लॉजवाला तुम्हाला दहा वर्षांपूर्वीचे आकडे मोठ्या आत्मविश्वासाने सांगेल. त्यातून हा पाहुणा वजा करा.

मेट्रोचं म्हणाल तर ॲक्वा लाइनचा (विमानतळावरून येणाऱ्या भुयारी मेट्रोचा) शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला, आणि सीएसएमटी व हुतात्मा चौक ही दोन्ही स्टेशनं तुमच्यापासून चालत जाण्याजोगी आहेत. विमानतळाहून थेट गाडी हा फायदा खराच. पण तीच मेट्रो अंधेरीत उतरलेल्या माणसाला सकाळी फोर्टात आणून संध्याकाळी परत नेते. पूर्वी ट्रॅफिकच्या धाकाने तो इथेच राहायचा. शिवाय परदेशी विमानं बरीचशी मध्यरात्रीनंतर उतरतात, तेव्हा मेट्रो बंद असते. म्हणून मेट्रोमुळे खोलीचा दर वाढेल असं धरू नका. फार तर रविवारची रात्र थोडी सुधारेल, कारण सुट्टीला शहर बघायला येणाऱ्या कुटुंबाला आता इथे राहणं सोपं झालं आहे.

रविवारची रात्र हा फोर्टातला खरा प्रश्न. शनिवारी दुपारनंतर बझारगेटला शटर पडतात आणि सोमवार सकाळपर्यंत रस्ता ओस. जुलैतल्या मंगळवारी आणि फेब्रुवारीतल्या रविवारी आजूबाजूच्या पाच-सहा हॉटेलांत स्वतः जाऊन खोली मागा, दर विचारा, किल्ल्यांचा बोर्ड बघा. काळा घोडा महोत्सवाचा आठवडा, जानेवारीतली मॅरेथॉन, वानखेडेवरची मॅच या रात्री सगळीकडे फुल्ल असतात. त्यावरून काही ठरवू नका. घरातल्याच कोणालातरी हे काम द्या. सल्लागाराच्या जाड अहवालापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं, आणि हे मी स्वतः सल्लागार असून सांगतोय.

आता खोल्यांचा हिशोब.

चार मजले गुणिले तीन हजार, म्हणजे बारा हजार चौरस फूट. जुन्या इमारतीत विटांच्या भिंती दीड-दोन फुटी असतात, त्या पाडता येत नाहीत. अग्निशमन दल दुसरा जिना मागणार. लिफ्ट दोन लागतात, एक पाहुण्यांची, दुसरी चादरी-सामान आणि वेळ आलीच तर स्ट्रेचर नेण्याइतकी. प्रत्येक मजल्यावर कपड्यांची खोली, पाण्याचे-सांडपाण्याचे पाइप नेणारे डक्ट, इलेक्ट्रिकल पॅनेल, कामगारांचं संडास. कुठेतरी नाश्त्याची जागा. हे सगळं गेल्यावर विकण्यासारखी जागा निम्म्याहून थोडी जास्त उरते. पंचावन्न टक्के धरा, म्हणजे ६,६०० चौरस फूट. बाथरूमसकट २२० फुटांची खोली धरली तर तीस खोल्या. त्यातल्या दोन-तीन खोल्यांना खिडकीच नसणार, किंवा चौकात उघडणारी अशी खिडकी असणार जिच्यासमोर शेजारच्या इमारतीचा पाइप आहे. त्या खोल्या विकल्या जातात, पण त्यांच्यामुळे ॲपवर जे शेरे येतात ते बाकीच्या सगळ्या खोल्यांचा दर खाली ओढतात. त्या सोडून द्या, गोदाम करा. उरल्या सत्तावीस.

यात सगळ्यात नाजूक भाग बाथरूमचा. अशा जुन्या इमारतींत मजले बहुधा सागवानी तुळया-वाशांवर टाकलेले असतात. एका मजल्यावर पूर्वी कोपऱ्यात दोन संडास होते, तिथे आता सात बाथरूम येणार. लाकडी मजल्यावर बाथरूम म्हणजे पाणी कधीतरी झिरपणारच, आणि ते झिरपलेलं दिसतं तेव्हा तुळईचं भिंतीतलं टोक आधीच कुजलेलं असतं. म्हणून बाथरूम एकावर एक, एकाच रेषेत, शक्यतो मागच्या भिंतीलगत आणि खाली स्टीलचा आधार देऊन. या एका अटीने आराखडा ठरतो. खोल्या नंतर त्याभोवती बसतात. तुमच्या आर्किटेक्टने उलट केलंय, आधी खोल्या आखल्या आणि बाथरूम जिथे जागा मिळाली तिथे कोंबली. त्यांना जुन्या इमारतीच्या हॉटेलचं काम केलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर जोडून द्या. तीस वर्षांवरच्या इमारतीला पालिकेच्या नियमाने स्ट्रक्चरल ऑडिट लागतंच. ते नुसत्या दाखल्यापुरतं न करता तुळयांची टोकं उघडून करून घ्या.

गच्चीही रेस्टॉरंटला देता येणार नाही, आणि याचं कारण नियमांच्याही आधी साधी अडचण आहे. फोर्ट हा वारसा परिसर. तुमची इमारत स्वतः कोणत्या श्रेणीत आहे ते पालिकेच्या यादीत बघा. श्रेणी वरची असेल तर मुंबई वारसा संवर्धन समितीकडे जावं लागेल. श्रेणी नसली तरी दर्शनी भिंतीवर एसीचे डबे टांगून चालणार नाही. मग सत्तावीस खोल्यांची एसीची बाहेरची युनिटं, गरम पाण्याचे हीट पंप, पाण्याच्या टाक्या, लिफ्टची मशीन, आगीसाठीची वेगळी टाकी हे सगळं जाणार कुठे? गच्चीवरच. त्यांच्या घरघरीत बसून कोण जेवणार? शिवाय विजेचा वाढीव लोड मागितला की बेस्टकडून सबस्टेशनला जागा मागितली जाऊ शकते. ती तळमजल्यावर लागते, जिथे तुमच्या ताब्यात काहीच नाही.

बँक्वेट हॉलची कल्पना कुठून आली ते मला कळतं. तुमच्या आर्किटेक्टची आधीची कामं नाशिक-सांगलीकडची आहेत, असं तुम्ही लिहिलंय. तिकडे गावात हॉटेल काढायचं तर हॉलच आधी. साखरपुडे, बारशी, रोटरीच्या सभा, औषध कंपन्यांच्या बैठका. हॉल आणि थाळी कमावते, खोल्या वऱ्हाडाच्या निमित्ताने भरतात. मध्यम शहरात खोलीचा दर एका मर्यादेपलीकडे जातच नाही, म्हणून तिथे ते गणित बरोबर आहे. मुंबईत उलटं. इथे खोलीचा एक चौरस फूट हॉलच्या चौरस फुटापेक्षा जास्त कमावतो. आणि बझारगेटला लग्नाला येणार कोण? गाडी लावायला जागा नाही, वरात गल्लीत वळत नाही, आणि दादर-गिरगावची कार्यालयं सोडून लोक इथे येणार नाहीत. दोनशे माणसं पहिल्या मजल्यावर चढवायची म्हटलं की अग्निशमनाच्या अटीही बदलतात.

रेस्टॉरंटचंही तसंच. फोर्टात दुपारी जेवणाऱ्याला जागा मिळत नाही आणि रात्री नऊनंतर जेवणारा मिळत नाही. दुपारच्या गर्दीसाठी इराणी आहेत, उडपी आहेत, खानावळी आहेत, आणि त्यांचं भाडं पागडीचं असल्याने त्यांच्या भावात तुम्ही कधीच जेवण देऊ शकणार नाही. फक्त नाश्ता ठेवा. पोहे, उपमा, अंडी, ब्रेड, फळं आणि चांगला चहा. कोपऱ्यात सोळा खुर्च्या पुरतात. परमिट रूमच्या मोहात तर पडूच नका. एफएल-तीन या दारू परवान्याचं वार्षिक शुल्क सत्तावीस खोल्यांवर वसूल होत नाही.

पैशाचं गणित मांडतो. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. सत्तावीस खोल्या, वर्षभराची सरासरी भरती (म्हणजे भरलेल्या खोल्या) ६५ टक्के, सरासरी दर ४,५०० रुपये. म्हणजे साधारण ६,४०० रात्री आणि २ कोटी ८८ लाखांची विक्री. निम्मी विक्री बुकिंग ॲपवरून येईल असं धरा. ॲपवाला वीस टक्के म्हणतो, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे प्रत्यक्षात २३.६ टक्के, चौतीस लाख तिथेच गेले. पगार, वीज, लाँड्री, नाश्ता, दुरुस्ती वजा जाता नीट चालवलेल्या छोट्या हॉटेलात विक्रीच्या पस्तीस-सदतीस टक्के हातात राहतात. एक कोटी पाच लाख समजा. त्यातून मालमत्ता कर, विमा, आणि गाद्या-टीव्ही-रंगासाठी दरवर्षी बाजूला टाकायचे विक्रीचे चार टक्के. उरले अंदाजे ऐंशी-पंच्याऐंशी लाख. रूपांतराला खोलीमागे अठरा लाख धरले तर खर्च पावणेपाच कोटींवर. त्यातले तीन कोटी साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी उचलले तर हप्ता महिन्याला चार लाख पाच हजारांच्या आसपास, वर्षाला साडेअठ्ठेचाळीस लाख. हातात राहिले तीस-पस्तीस लाख, तेही तिसऱ्या वर्षापासून, कारण पहिली दोन वर्षं ६५ टक्के भरती होत नाही.

आता भरती पन्नास टक्के करून बघा. चालवण्याचा बराचसा खर्च तसाच राहतो, आणि हप्ता भरल्यावर काहीच उरत नाही. म्हणून रविवारचा एवढा आग्रह. आणि याच कागदावर शेजारी तिसरा आकडा लिहा: लिफ्ट घालून, डागडुजी करून वरचे मजले लिव्ह अँड लायसन्सवर ऑफिसला दिले तर काय येईल? हा आकडा हॉटेलच्या जवळपास आला तर हॉटेल काढू नका. भाडेकरू रात्री दोन वाजता गिझर चालत नाही म्हणून फोन करत नाही.

जीएसटीची एक गोम सांगतो, लहान मालकांना ती फार उशिरा कळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे, पण त्यावर इनपुट क्रेडिट नाही. म्हणजे लाँड्रीवर, कमिशनवर, एसीच्या देखभालीवर तुम्ही जो कर भरता तो सगळा खर्चात जातो. वर कमिशनचा हिशोब मी करासकट केला तो यामुळेच. दुसरी बाजू याहून वाकडी. ३१ डिसेंबरला किंवा मॅरेथॉनच्या आदल्या रात्री हौसेने एक खोली आठ हजाराला विकली, तर त्या खोलीवर १८ टक्के. आणि एप्रिल २०२५ पासूनच्या नियमानुसार त्या एका विक्रीमुळे पुढचं पूर्ण आर्थिक वर्ष तुमच्या आवारातल्या रेस्टॉरंटलाही १८ टक्क्यांचा दर लागतो, मग ते दुसऱ्याला चालवायला दिलेलं का असेना. रेस्टॉरंट न काढण्याचं हे आणखी एक कारण. दर ७,५०० च्या वर जाणारच नाही अशी सोय सॉफ्टवेअरमध्येच करून टाका, रात्रपाळीच्या पोरावर सोडू नका.

सवलतींच्या बातम्या येतात त्यांचा तुमच्याशी संबंध कमी. हॉटेलांना पायाभूत सुविधांचा दर्जा आहे, पण मुंबईत तो जमीन सोडून २०० कोटींच्या वरच्या प्रकल्पाला. तारांकित निवासी हॉटेलला जादा एफएसआय (भूखंडावर जास्त बांधकामाची मुभा) मिळते, पण ती रस्त्याच्या रुंदीवर ठरते, आणि तुमच्या गल्लीत पाडून बांधण्यात वारसा, भाडेकरू, अग्निशमनाची गाडी अशी तिन्ही कुलपं लागलेली आहेत. आहे ती इमारत वापरबदल करून घेणं हाच रस्ता. राज्याने एप्रिल २०२१ पासून नोंदणीकृत हॉटेलांना वीज, पाणी, मालमत्ता कर औद्योगिक दराने जाहीर केले. नोंदणी जरूर करा, पण पहिलं बिल त्या दराने हातात पडेपर्यंत हिशोबात धरू नका.

मोठ्या ब्रँडला सत्तावीस खोल्यांत रस नसतो. जे येतील ते दोन प्रकारचे: नाव देऊन विक्रीवर टक्केवारी घेणारे, आणि आख्खी इमारत घेऊन चालवणारे. दुसऱ्या प्रकाराने कुटुंबाची डोकेदुखी वाचते, पण करारात किमान मासिक रक्कम आणि ती थकली तर ताबा परत कसा, हे स्पष्ट हवं. "विक्रीत वाटा" एवढंच लिहून इमारत ताब्यात देऊ नका. घरातलं कोणी पूर्णवेळ बसणार असेल तर पहिली पाच वर्षं स्वतः चालवा असं मी म्हणेन. बसणारं कोणी नसेल तर हा धंदा तुमचा नाही. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत त्याची नोंद सरकारकडे करायची, दर जानेवारी-जुलैत आगीची यंत्रणा चालू असल्याचा बी फॉर्म अग्निशमन दलाला द्यायचा, ही कामं मुलाच्या ऑफिसच्या सुट्टीत होत नाहीत.

तळमजल्याच्या दुकानदारांना हात लावू नका. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा त्यांच्या बाजूने आहे, आणि खटला तुमच्या कर्जाच्या मुदतीपेक्षा जास्त चालेल. तुम्हाला त्यांच्यातल्या एकाचाच गाळा हवा आहे, दहा-बारा फुटांचं तोंड, म्हणजे हॉटेलला रस्त्यावरून दार मिळतं. जिन्याच्या अंधाऱ्या बोळातून पाहुणा वर आणायचा असेल तर ४,५०० चा दर विसरा. ज्याची पुढची पिढी दुकानात बसत नाही असा दुकानदार कोण, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. त्याच्याशी रीतसर मोबदला ठरवा आणि नोंदणीकृत करारानेच जागा सोडवून घ्या. इमारत १ सप्टेंबर १९४० पूर्वीची आणि उपकरप्राप्त (म्हाडाचा दुरुस्ती उपकर भरणारी) असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचा कागदही मध्ये येतो. वकिलाला हे पहिल्याच भेटीत सांगा.

बँकेत जायला अजून वेळ आहे. आधी सिटी सर्व्हेमधून प्रॉपर्टी कार्डाची (मालकीच्या सरकारी नोंदीची) ताजी प्रत काढा आणि त्यावर नावं कोणाची आहेत ते बघा. अशा घरांत ते कार्ड बहुतेक वेळा अजून आजोबांच्या नावावर निघतं, आणि चुलत भावंडांपैकी कोणीतरी पुण्यात नाहीतर परदेशात असतं. सगळ्या वारसांची नोंद आणि लेखी संमती झाल्याशिवाय कोणतीही बँक फाइल उघडणार नाही. तोवर आर्किटेक्टला पुढच्या नकाशांचे पैसे देऊ नका. इंजिनिअरला तुळया तपासायचे द्या.